श्रुतिपेटीतली शिटी

आमच्या घरात गाणारं कोणीच नव्हतं, तरी घरात दिवसभर सूर चालू असायचा. पुढच्या खोलीत बाबांचं दुरुस्तीचं दुकान होतं, आणि दुरुस्त केलेली श्रुतिपेटी दिवसभर चालवून पाहिल्याशिवाय ते गिऱ्हाइकाला परत देत नसत. श्रुतिपेटी म्हणजे विजेवर चालणारा तंबोराच समजा. वीतभर लांबीची डबी, पुढे फिरवायची बटणं, चालू केली की षड्ज-पंचम धरून बसते, ती बंद करेपर्यंत सोडत नाही. तंजावरात गाणं किंवा वीणा शिकवणारं घर गल्लीगल्लीत होतं आणि अशा प्रत्येक घरात एक तरी पेटी असायचीच. त्यामुळे आमच्या फळीवर कधी कुणा बाईच्या पट्टीतला सूर, कधी कुणा बुवांच्या पट्टीतला, असे दोन-तीन एकदम घुमत असायचे. आई स्वयंपाकघरात डांगरासाठी उडदाचं पीठ भाजताना नकळत त्यातला एखादा सूर धरून गुणगुणायची आणि दुसरी पेटी सुरू झाली की मध्येच पट्टी बदलायची. बाहेरून कुणी आलं तर त्याचं डोकं दुखायचं. आम्हाला मात्र पेट्या बंद झाल्या की चुकल्याचुकल्यासारखं वाटे.

घर राजवाड्यामागच्या गल्लीत. तिथे आमच्यासारखी मराठी बोलणारी बरीच घरं होती. आता इतकी वर्षं नागपूरला काढल्यावर मला कळतं की आम्ही बोलायचो त्या भाषेला इकडचे लोक हसतील. बाबा ‘कसें’, ‘तें’, ‘गेलें’ असं पोथीतल्यासारखं बोलायचे, आणि त्यात अर्धी तमिळ. देवनागरी घरात फक्त बाबांना वाचता यायची, तीही अडखळत. मी ती लग्नानंतर शिकले. पण ही घरातली भाषा आम्हाला एका कामासाठी फार उपयोगी पडायची. दुकानात गिऱ्हाईक समोर असताना त्याच्याबद्दल काही बोलायचं असेल तर आम्ही मराठीत बोलायचो.

बाबांना सगळे ‘राव’ म्हणत. त्यांची कामाची रीत एकच होती, ऐकायचं. पेटी आली की ते आधी ती उघडत नसत. चालू करून कानाशी धरायचे, डोळे मिटायचे, पेन्सिलीच्या मागच्या टोकाने इथे-तिथे टकटक करायचे. मग म्हणायचे, “ह्याचें रडणें डावीकडून येतें.” उघडल्यावर डावीकडेच एखादा सांधा सुटलेला निघायचा. कुंभकोणमहून, तिरुवैयारहून लोक पेट्या पाठवायचे ते त्या कानाच्या भरवशावर. लहानपणी मी पाहुण्यांना सांगायची, माझे बाबा मशीनची नाडी बघतात.

घरात एक गोष्ट बोलली जात नसे, ती म्हणजे आजोबांचं बहिरेपण. मी आजोबांना पाहिलेलं नाही. पण गल्लीतली म्हातारी माणसं आमच्या घराचा पत्ता सांगताना अजून ‘सेविडु रावांचं घर’ म्हणायची. सेविडु म्हणजे बहिरा. आजोबा भर रस्त्यात ओरडून बोलायचे, पोरं मागून भांडी वाजवायची, आणि ते मागे वळून बघत नाहीत म्हणून हसायची. हे मला आईने हळू आवाजात सांगितलं होतं, बाबा घरात नसताना, आणि वर म्हणाली होती, “त्यांच्यासमोर हें नाव काढूं नको.”

सेतुअण्णा, माझा थोरला भाऊ, बंगळूरला एका कंपनीत लागला होता. त्या दिवसांत बाहेरचा माल देशात भराभर येत होता आणि अण्णा सुट्टीला आला की त्याच्या पिशवीतून आम्ही कधी न पाहिलेलं काहीतरी निघायचं. एका दिवाळीला त्याने चष्म्याच्या मोठ्या डबीएवढा एक करडा कॉम्प्युटर आणला. उघडला की खाली बोटाच्या टोकाएवढी बटणं आणि वर हिरवट पडदा. त्याच्या ऑफिसात नवे आले होते, जुना त्याला दिला होता. पण अण्णाने त्याला एक जोड केली होती. काडेपेटीपेक्षा जरा मोठी एक डबी, तिच्यातून एका बाजूने कॉम्प्युटरला जाणारी केबल आणि दुसऱ्या बाजूने टोकाला सुई असलेली वायर. सुई सर्किटवर कुठेही टेकवली की तिथली वीज कशी हलते त्याची रेघ पडद्यावर उमटायची. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत हेच दाखवणारा ऑसिलोस्कोप होता, तो हलवायला दोन माणसं लागायची. हा खिशात मावत होता. कारखान्यांत जाऊन बिघाड शोधायला अण्णाच्या ऑफिसातले लोक असाच वापरत. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होते, म्हणून अण्णाने तो माझ्या हातात दिला.

मला वाटलं होतं बाबा नाक मुरडतील. तसं काही झालं नाही. त्यांना तो इतका आवडला की दिवाळीचे दोन दिवस त्यांनी तो माझ्या हाती लागू दिला नाही. रेडिओला सुई लावून पाहिली, दारावरच्या घंटीला लावून पाहिली. मग एक जुना माईक जोडला आणि आईला म्हणाले, “ऐकलें का, इकडे ये. काही गा.” आई कॉफीचा डिकॉक्शन उतरवत होती. ती नको नको म्हणत पदराने हात पुसत आली आणि तुळशीपुढे म्हणायची ती आरती म्हणाली. पडद्यावर डोंगर-दऱ्या उमटल्या. बाबा म्हणाले, “बघ, हा तुझा आवाज. किती गोल आहे बघ!” आई लाजून आत पळाली. बाबांना इतकं हसताना मी फार वेळा पाहिलं नव्हतं. त्यानंतर तो कॉम्प्युटर त्यांच्या शर्टाच्या खिशातच असायचा. गिऱ्हाइकाला पेटी परत देताना ते रेघ काढून दाखवायचे. “दिसतो ना सूर? आता कानावर विश्वास नको, डोळ्यांनी बघा.” मोठा सूर दाखवायला पडदा पुरेसा होता. बारीक काही बघायचं तर एक बटण दाबून रेघ मोठी करावी लागे, आणि ते बटण ते गिऱ्हाइकासमोर कधी दाबत नसत. गरजच वाटत नसे.

त्याच हिवाळ्यात फळीवरच्या पेट्यांतून एक बारीक शिटी यायला लागली. सुराच्या वर, फार उंच, डासाच्या आवाजासारखी. आधी मला वाटलं रस्त्यावरच्या कुठल्यातरी दिव्याची असेल. मग एकेक पेटी कानाशी धरून पाहिली. बाबांनी एका नव्या दुकानातून कपॅसिटर आणले होते. कपॅसिटर म्हणजे सुरातली घरघर गाळणारा छोटा भाग. ते स्वस्तातले निघाले, काही आठवड्यांत आतून वाळायचे, आणि मग पेटीतून शिटी यायची. ज्या ज्या पेटीत बाबांनी ते बसवले त्या सगळ्या हळूहळू गाऊ लागल्या. बाबा त्या पेटीला कान लावून डोळे मिटून बसायचे आणि म्हणायचे, “शुद्ध.”

मी आईकडे बघायची. आई खाली मान घालून वाल सोलत बसायची. तिला माहीत होतं. टीव्हीचा आवाज बाबा हल्ली वाढवायचे, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते आईलाच विचारायचे, मागून हाक मारली तर वळत नसत. आई जेवायला बोलवायला आता समोर जाऊन उभी राहायची. हे सगळं तिने इतकं सावकाश बदललं होतं की आम्हालाही कळलं नव्हतं. एकदा मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं. “सांगूं नको, इंदू. हें घर बहिऱ्याचें म्हणूनच ओळखलें जातें. पुन्हां नको.” मी गप्प बसले. गिऱ्हाइकं कमी झाली होती. बाबा म्हणायचे, लोकांना हल्ली नवीन वस्तू घ्यायला आवडतं, जुनी कोण दुरुस्त करतो. मला आठवतं, तेव्हा मला दया आली नव्हती. लाज वाटली होती. कॉलेजात एका मुलीने विचारलं, “श्रुतिपेट्या दुरुस्त करतात ते राव तुझे कोण?” आणि तिच्या आवाजावरून मला कळलं की आमच्याबद्दल कुठेतरी बोलणं झालेलं आहे. माझे कान गरम झाले, त्याची आठवण आत्ता लिहितानाही होते.

मग मंगलम मामींचं बोलावणं आलं. मंगलम मामी आमच्याच बाजूच्या एका गल्लीत गाणं शिकवायच्या. बाबांची त्यांच्याकडे वर्षानुवर्षं ये-जा. त्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या एका शिष्येचं पहिलं गाणं होतं आणि सकाळी सगळ्यांसमोर शेवटची तालीम. बाबांनी दुरुस्त केलेली पेटी त्यांच्याकडे होती. निरोप एवढाच होता, राव जरा येऊन बघून जातील का. बाबा खुशीत निघाले. मला मोपेडवर मागे बसवलं, कॉम्प्युटर खिशात.

मामींच्या दिवाणखान्यात चटईवर मुली बसल्या होत्या, भिंतीशी त्यांच्या आया. मोगऱ्याचा आणि कॉफीचा वास होता. मधोमध पेटी चालू होती आणि दारातूनच मला ती शिटी ऐकू आली. खोलीतल्या प्रत्येकाला येत होती. मुली कपाळाला आठ्या घालून बसल्या होत्या. बाबा पेटीसमोर मांडी घालून बसले, कान लावला, डोळे मिटले.

“काय झालं मामी? ठीक आहे की.” ते तमिळमध्ये म्हणाले.

मामी संकोचून म्हणाल्या, “बारीक शिटी येते राव. मुलींचं लक्ष जातं.”

“शिटी?” बाबा हसले. “शिटी नाही. तुमच्या मुलींना गाताना भीती वाटते म्हणून काहीतरी ऐकू येतं.” बाबांनी खिशातून कॉम्प्युटर काढला. “वाद कशाला? हाच सांगेल. इंदू, सुई लाव.”

मी हळूच मराठीत म्हणाले, “बाबा, घरीं नेऊन बघूं.”

“कां? इथेंच लाव. सगळ्यांना बघूं दे.”

मी पेटीचं मागचं झाकण काढलं, सुई टेकवली. पडद्यावर सुराची जाड, गोल रेघ आली. बाबांनी कॉम्प्युटर वर धरून आयांना दाखवला, “दिसतंय?” आणि त्यांना पटवण्यासाठी, माझ्याकडे न बघता, त्यांनी पहिल्यांदाच गिऱ्हाइकासमोर रेघ मोठी करायचं बटण दाबलं. गोल रेघेच्या अंगावर बारीक बारीक दाते उमटले, सुरवंटाच्या केसांसारखे. बाबांचा हात तसाच वर राहिला. त्यांनी कॉम्प्युटर जवळ आणला. पेटी बंद केली. रेघ सपाट झाली. पुन्हा चालू केली. दाते आले. त्यांना ती रेघ माझ्यापेक्षा चांगली वाचता येत होती.

तेवढ्यात पुढे बसलेली एक लहान मुलगी आईला म्हणाली, “तात्तावुक्कु केक्कलैया?” आजोबांना ऐकू येत नाही का? तिच्या आईने तिच्या मांडीवर चापट मारली. मागे कुणीतरी हसू दाबलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. इतर कुणाला कळू नये म्हणून ते आमच्या भाषेत बोलले. पण कुजबुजायचा त्यांचा अंदाज गेलेला होता, आवाज सगळ्या खोलीत गेला.

“इंदू, तुला ऐकूं येतें?”

“हो बाबा.”

“आईला?”

मी सुई काढून घेतली.

“कधीपासून?”

चटईच्या काठाची एक काडी सुटलेली होती, ती मी बोटाने आत ढकलत होते. मामी पुढे झाल्या आणि पेटी बंद केली. आणि मग त्या मराठीत बोलल्या. मोडक्या, पण आमच्याच मराठीत, ‘तें’-‘असें’वाल्या. “राव, असूं द्या. मनाला लावून घेऊं नका.”

राजवाड्यामागच्या गल्ल्यांत जन्म गेलेली बाई. तिला आमची भाषा येत असणार हे इतक्या वर्षांत आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिच्यासमोर आम्ही आजवर मराठीत काय काय बोललो होतो कोण जाणे. बाबांचा चेहरा मी बघू शकले नाही. ते उठले, “संध्याकाळच्या आत पेटी आणून देतो,” म्हणाले आणि सरळ बाहेर गेले. मी पेटी, वायर, कॉम्प्युटर गोळा करून पोचले तर ते मोपेड चालू करून बसले होते, अनवाणी. त्यांच्या वहाणा मामींच्या उंबऱ्याशी होत्या. मी त्या उचलून घेतल्या. मागून कुणीतरी मला बघत आहे हे मला माहीत होतं, आणि बापाच्या वहाणा हातात घेऊन मोपेडवर बसताना मला धरणी दुभंगावी असं वाटलं.

घरी आईने पिठलं केलं होतं. बाबा जेवले नाहीत. मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजले. मी दुकानात बसून मामींच्या पेटीतला कपॅसिटर काढला, जुन्या रेडिओतला एक चांगला बसवला, शिटी गेली. पेटी मामींकडे पोचवून आले. परत आले तेव्हा मधल्या खोलीत बोलणं चालू होतं.

“तुला माहीत होतें,” बाबा म्हणत होते. “मला घरांत हसत होतां तुम्ही.”

“कोण हसलें?” आईचा आवाज मी कधी इतका चढलेला ऐकला नव्हता. त्यांना ऐकू जावं म्हणून चढला होता की रागाने, कोण जाणे. “तुम्ही सांगितलें होतें का मामंजींना? त्यांच्या मागें पोरें भांडीं वाजवायचीं, तें तुम्ही सांगितलें होतें का त्यांना कधीं?”

मग बाबा म्हणाले, “मी पलीकडच्या बाजूनें चालायचों.”

“काय?”

“बाबा रस्त्यांत असले तर मी पलीकडच्या बाजूनें चालायचों. हा माझा बाप, हें कोणाला दिसूं नये म्हणून.”

मी दुकानातच बसून राहिले. फळीवरच्या पेट्या एकेक करून बंद केल्या. त्या दिवशी घर इतकं शांत झालं की शेजारची बाई येऊन विचारून गेली, वीज गेली का.

काही दिवस दुकान बंद राहिलं. मला वाटलं, आता बाबा पेट्यांना हात लावणार नाहीत. अण्णाला आईने फोन करून सांगितलं असावं, त्याने कानात घालायचं यंत्र पाठवतो म्हणून कळवलं. आणि मग एका सकाळी बाबांनी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, पिशवीत सोल्डरिंगचं सामान आणि नवे, चांगले कपॅसिटर भरले. “चल,” मला म्हणाले. “ज्या ज्या घरांत माझी पेटी गेली, तिथें जायचें आहे.”

मला वाटलं गुपचूप दुरुस्त करून देऊ. पण पहिल्याच घरी, दारात उभं राहून, भर गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात बाबा म्हणाले, “माझा कान गेला आहे. तुमच्या पेटीत शिटी असेल. मला ती ऐकू येत नाही. माझी मुलगी बघेल, मी दुरुस्त करून देतो.” शेजारच्या दारांतून माणसं डोकावली. मी त्यांची बाही ओढली. “बाबा, हळू.” त्यांना ते ऐकूच आलं नाही. प्रत्येक दारात तेच, शब्दन् शब्द तेच, तितक्याच मोठ्याने. मी सुई टेकवायची, पडद्यावरचे दाते ते बघायचे, भाग बदलायचे, पुन्हा बघायचे, आणि तरीही शेवटी मला विचारायचे, “गेली?” मी “गेली” म्हटलं की झाकण लावायचे. काही लोक गोड बोलले. एका घरी त्यांना कॉफीसुद्धा विचारली नाही. एका ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्याने आम्ही बाहेर पडताना कुणाला तरी म्हटलं, “सेविडु रावाचा मुलगा, तोही तसाच,” आणि मी मोपेडवर मान खाली घालून बसले. बाबांना ऐकू गेलं नाही. की गेलं होतं, मला माहीत नाही. ओठ ते तेव्हाच वाचायला लागले होते.

पुढचं इथेच सांगून टाकते. दुकान चाललं. पूर्वीइतकं नाही, पण चाललं. अण्णाने पाठवलेलं यंत्र बाबांनी थोडे दिवस कानात घातलं, मग एक दिवस उघडून आत काय आहे ते पाहिलं आणि पुन्हा नीट जोडता आलं नाही. माझं लग्न होऊन मी नागपूरला गेले तेव्हा तो कॉम्प्युटर मी त्यांच्याकडेच ठेवला. त्याचं बिजागर तुटेपर्यंत त्यांनी तो वापरला. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाची आहे आणि माझ्या घरातली माणसं मला काय काय सांगत नसतील, असा विचार कधीकधी मनात येतो. पण मला सांगायचं आहे ते त्या फिरतीतल्या शेवटच्या घराबद्दल.

ते घर तिरुवैयारच्या वाटेवर, कालव्याच्या काठी एका खेड्यात होतं. दोन्ही बाजूंना भाताची शेतं, मध्ये नारळीची बाग, तिच्यात घर. तिथे राहायचे ते म्हातारे गृहस्थ पूर्वी मोठमोठ्या गायकांच्या साथीला व्हायोलिन वाजवायचे. सगळे त्यांना व्हायोलिन मामाच म्हणत. आता कुणी साथीला बोलवत नसे, पण रोज सकाळी ते तासन् तास वाजवायचे. आम्ही गेलो तेव्हा वाजवतच होते. पेटी शेजारी ठेवलेली, आणि तिची शिटी इतकी कर्कश की मी अंगणातच दात आवळले. दार त्यांच्या सुनेने उघडलं.

बाबांनी आपलं नेहमीचं सांगितलं. व्हायोलिन मामा म्हणाले, “काय?” बाबांनी पुन्हा सांगितलं. “शिटी?” मामा म्हणाले. “शिटी कुठाय?” दोघं म्हातारे पेटीवर वाकून, कान लावून बसले, आणि त्या शिटीने सगळं घर भरलेलं असताना दोघांनाही काही ऐकू येत नव्हतं. मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडू आलं. बाबांनी सुई लावायला सांगितली. रेघ आली, दाते आले. बाबांनी मामांना बोटाने दाखवलं, “हे जे केस दिसतात ना, ती शिटी.” मामांनी खूप वेळ पाहिलं. मग मान वर करून सुनेकडे पाहिलं.

“तुला ऐकू येते?”

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. “येते मामा.”

“रोज?”

तिने मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते. बाबांनी कपॅसिटर बदलला, मी “गेली” म्हटलं. सुनेने एवढा मोठा श्वास सोडला की आम्ही सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

सामान आवरत होतो तेव्हा मामांनी बाबांचा हात धरला. “राव, ह्या यंत्रात माझं व्हायोलिन दिसेल का? बरोबर लागतंय की नाही?”

सून एकदम म्हणाली, “चांगलंच वाजतं मामा.” फार घाईने म्हणाली.

बाबांनी कॉम्प्युटरकडे पाहिलं. मला वाटलं आता माईक जोडायला सांगतील. त्यांनी तो मिटला आणि खिशात टाकला. “दिसेल,” ते म्हणाले. “पण त्यात दिसून तुमचा काय फायदा? रेघ बघून बोट कुठे सरकवायचं ते थोडंच कळणार आहे.” मग माझ्याकडे हात केला. “ही ऐकेल. हिला विचारा. ही खोटं सांगत नाही.”

मामा माझ्याकडे वळले. “तू सांग, अम्मा. तुझे कान नवे आहेत.” आणि त्यांनी व्हायोलिन पुन्हा छातीशी धरून, तिकडच्या रीतीप्रमाणे टोक पायाशी टेकवलं, डोळे मिटले आणि वाजवायला लागले. खालचे सगळे सूर सुंदर होते. काय बोट होतं ते. पण वरच्या षड्जाला पोचले की तो किंचित खाली राहायचा. प्रत्येक वेळी तिथेच, तितकाच. सून दाराच्या चौकटीला टेकून माझ्याकडे बघत होती आणि हळूच मानेने नको नको म्हणत होती. मी बाबांकडे पाहिलं. मांडीवर ताल धरून ते ऐकत होते, जेवढं ऐकू येत होतं तेवढं. त्यांच्या चेहऱ्यावर मला मामींच्या घरच्या त्या सकाळपासून दिसत असलेली लाज होती, ती गेलेली नव्हती. ती झाकायला मात्र ते काही करत नव्हते.

मामा थांबले. “सांग.”

मी म्हणाले, “वरचा सा थोडा खाली लागतो, मामा.”

सुनेने डोळे मिटून घेतले. व्हायोलिन मामांचा चेहरा उतरला, अगदी बाबांचा मामींच्या घरी उतरला होता तसाच, आणि मला वाटलं मी इथून उठून पळून जावं. मग त्यांनी बोट तारेवर ठेवलं, केसभर पुढे सरकवलं आणि गज ओढला.

“आता?”

“अजून थोडा वर.”

ते पुन्हा सरकले. “आता?”

“अजून. हां. आता लागला.”

“आता लागला,” ते म्हणाले, आणि तोच एक सूर त्यांनी पुन्हा ओढला, पुन्हा ओढला, आणि प्रत्येक वेळी मान वर करून माझ्याकडे बघायचे, आणि मी मान हलवायची. बाबा पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले. उठायची त्यांना घाई नव्हती. थोड्या वेळाने सून आत गेली आणि सगळ्यांसाठी कॉफी करून घेऊन आली.